आक्काचा पाय : सर्कशीतून आलेल्या हत्तिणीसाठी पाय-खिडकी करताना ठेवलेल्या नोंदी

माझं सांगलीत फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. गेट, शेड, उसाच्या ट्रॉल्या, ही रोजची कामं. हत्तीचं काम आयुष्यात पहिलंच. ज्या बचाव केंद्रासाठी केलं त्याचं नाव देत नाही, हत्तिणीचं सर्कशीतलं नावही देत नाही. आमच्यात ती आक्का. पुढे कुणी असं काम अंगावर घेतलं तर त्याचे थोडे पैसे आणि बरेच दिवस वाचावेत म्हणून वहीतलं इथे उतरवतोय. औषधपाणी सगळं डॉक्टर मॅडमनी केलं. ते वाचून कुणी परस्पर प्रयोग करू नयेत.

१२ नोव्हेंबर २०२४

पहिली भेट. आक्काचं वय कागदावर ४८. पुढच्या डाव्या पायाच्या चौथ्या नखाला उभी चीर, तिच्यातून पू. तळव्याची कातडी जाड होऊन फाटलेली. मॅडम म्हणाल्या, वर्षानुवर्षं सिमेंटवर एका जागी साखळीत उभं राहिलं की असंच होतं. हत्ती दिसायला सपाट पायाचा, पण आत बोटांवर उभा असतो आणि टाचेखाली चरबीची गादी असते. त्या गादीला चालणं लागतं. आशियाई हत्तीच्या पुढच्या पायाला साधारण पाच नखं, मागच्याला चार. हे मी आज पहिल्यांदा मोजलं.

उंची मोजायची होती. मी टेप घेऊन जवळ जाणार तेवढ्यात तिला सांभाळणाऱ्या चाचांनी थांबवलं. त्यांनी ओल्या मातीतल्या पुढच्या पावलाच्या ठशाभोवती सुतळी फिरवली, ती दुप्पट केली, म्हणाले ही घ्या उंची. सुतळी साडेपंचेचाळीस इंच, म्हणजे उंची ९१ इंच, सात फूट सात. नंतर खांबावर खुणा करून बघितलं तर इंचभराचा फरक. वजन ट्रक रिकामा आणि भरलेला असा वजनकाट्यावर केलेलं होतं, २,९४० किलो.

चाचा मिरजेचे. तेराव्या वर्षी सर्कशीत गेले, आता सत्तरीला आलेत. आक्काबरोबर १९ वर्षं. तिच्याबरोबरच इथे आले.

काम असं : पाय रोज पंधरा-वीस मिनिटं शेकायचा, धुवायचा, आठवड्याला कानस मारायची. हे करताना माणूस तीन टनांच्या खाली बसलेला नको आणि हत्तिणीच्या कानामागे अंकुश नको. म्हणून मधे मजबूत भिंत, भिंतीला खिडकी, खिडकीतून तिने आपणहून पाय बाहेर ठेवायचा. भिंत माझी, शिकवणं मॅडम आणि चाचांचं. हे सगळं महिन्याभरात होईल असं मी सांगून आलो.

१९ नोव्हेंबर

पैसे वाचवायला गेलो. भंगारात एका बंद पडलेल्या सर्कशीचे वाघाच्या रिंगणाचे पॅनेल मिळाले. जाळीदार, एकमेकांत पिनांनी अडकणारे, दहा फूट उंच. किंमत १४ हजार, टेम्पो १,८००. बघूनच जीव हरखला. आमच्या अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली मुंबईत पहिली देशी सर्कस उभी केली, तेव्हापासून या जिल्ह्यात सर्कशीचं लोखंड फिरतंय. म्हटलं, ज्याने वाघ अडतो त्याने हत्तीण अडेल.

२४ नोव्हेंबर

नाही अडली.

वाघाच्या पॅनेलचा गज बारा मिलीचा भरीव. वाघ चढतो, पंजा घालतो, अंग झोकतो आणि परत फिरतो. म्हणून तिथे उंची आणि फट महत्त्वाची. हत्ती कपाळ टेकवून उभा राहतो आणि नुसता रेटतो, झटका नाही, राग नाही, सकाळी आठपासून दुपारपर्यंत. दुसऱ्या दिवशी दोन पॅनेल धनुष्यासारखे वाकले आणि एका पिनेची टोपी उडून माझ्या जीपच्या दारावर बसली. आक्का शांतपणे उसाच्या वाढ्याकडे गेली.

चाचा एवढंच म्हणाले, “वाघाचा पिंजरा वाघाला, साहेब.” मी म्हटलं, मग हे मला आधी सांगायचं होतं. ते म्हणतात, तुम्ही विचारलंच कुठे.

२७ नोव्हेंबर ते १३ डिसेंबर

खरी भिंत. नऊ खांब, चार इंची सी-क्लास (जाड पत्र्याचा) पाईप, प्रत्येकी १४ फूट : पाच फूट जमिनीत, नऊ वर. पाईप आतून काँक्रीटने भरले. दोन खांबांत १६ इंच मोकळी फट. त्यातून माणूस आडवा होऊन निसटतो, हत्तीण निसटत नाही. मधल्या एका ठिकाणी २४ इंच, ती पाय-खिडकी. तिच्यावर तीन फुटांवर आडवी पट्टी. भिंतीची लांबी पावणेपंधरा फूट.

पाईप ५५८ किलो, ७४ रुपयांनी ४१,३०० च्या आसपास. खड्डे, खडी, सिमेंट साडेअठरा हजार. माणसांची मजुरी २२ हजार.

आडव्या पाईपांची भिंत करू नका. मी आधी चित्र तसंच काढलं होतं, कारण आम्ही गुरांचे कोंडवाडे तसेच करतो. चाचांनी खोडलं. आडव्या पाईपवर हत्ती पुढचा पाय ठेवून चढतो, आणि ही तर स्टुलावर चढायला शिकलेली.

काँक्रीट पिकायला चौदा दिवस सोडले. त्या दिवसांत आक्कासाठी नदीच्या वाळूचा ढीग टाकला, दोन ब्रास, १५ हजार. क्रशरची वाळू स्वस्त होती पण तिला धार असते. तिसऱ्या रात्री ती वाळूवर आडवी झोपली. चाचा म्हणाले, सर्कशीत तिला उभ्यानेच झोपलेली बघितलीय. सकाळी एका बाजूला पूर्ण वाळू चिकटलेली होती, मेंढीसारखी.

१४ डिसेंबर

शिकवणी सुरू. पद्धत सोपी वाटते : जनावराने हवं ते केलं की त्या क्षणी एक ठरावीक आवाज करायचा, लगेच खाऊ द्यायचा. आवाज म्हणजे “बरोबर, मिळणार आहे” एवढाच निरोप.

मॅडमनी शिट्टी आणली होती. पहिली शिट्टी वाजली आणि आक्काने सोंड कपाळावर घेतली, एक पाय उचलला, आणि सलामी देऊन तशीच उभी राहिली. दुखऱ्या पायाचा भार दुसऱ्यावर. खाली उतरवायला कुणालाच जमेना, कारण उतरायचा हुकूम ठाऊक फक्त चाचांना आणि ते चहा प्यायला गेलेले. रिंगमास्टरची शिट्टी तीच. आम्ही ४८ वर्षांच्या बाईला पुन्हा खेळात उभं केलं.

१६ डिसेंबर

शिट्टी बंद, टाळी सुरू. टाळी वाजवली की ती गर्रकन वळते आणि निघून जाते. सर्कशीत टाळ्या म्हणजे आयटम संपला, आत चला. दोन दिवस गेले हे कळायला.

कुत्र्यांच्या शिकवणीतलं टिकटिक वाजणारं बटण मागवलं, १८० रुपये. बोअरच्या मोटरच्या आवाजात ऐकूच येत नाही.

शेवटी जिभेने टाळूला मारून काढतात तो टक् आवाज. फुकट, आणि तिच्या मागच्या आयुष्यात कशाशीच बांधलेला नाही. नवीन जागी सर्कशीतलं जनावर घेणाऱ्याने आधी यादी करावी : कुठल्या आवाजाला, रंगाला, हातवाऱ्याला ते काय करतं. आम्ही ती यादी नंतर केली, २३ गोष्टी निघाल्या. त्यात बँडवर वाजणारी एक चालही होती. आमच्या पोऱ्याच्या मोबाईलची रिंगटोन तीच निघाली. बदलली.

१७ ते १९ डिसेंबर

आता काठी. काठीच्या टोकाला चेंडू, जनावराने टोकाला अंग लावलं की टक् आणि खाऊ. मग काठी जिकडे नेऊ तिकडे ते अंग नेतं. मी वेळूची चार फुटी काठी केली, टोकाला लाल कापडाचा गोळा.

काठी दिसताच आक्काने डोळे मिटले. कान अंगाला चिकटले. तिथेच मुतली. मॅडमनी काठी खाली टाकली आणि आम्ही सगळे बाहेर आलो.

लाल रंगही चुकला. हत्तीला लाल-हिरव्यातला फरक आपल्यासारखा दिसत नाही. हिरव्या झाडीसमोर लाल गोळा त्याला काय दिसणार. आता अर्धा इंची पीव्हीसी नळी, दीड फूट, टोकाला पांढऱ्या डब्याचं झाकण. हातात उभी धरायची नाही, खालून आडवी सरकवायची. पहिला दिवस नुसती जमिनीवर ठेवून दिली. तिने स्वतःच सोंडेने उचलून मला परत दिली. टक्.

२० ते ३० डिसेंबर

अकरा दिवस एकच धडा : चार पाय जमिनीवर ठेवून उभं राहणं.

हे हास्यास्पद वाटेल. पाय उचलायला शिकवायचा आणि आम्ही पाय न उचलायला शिकवतोय. पण आक्का समोर माणूस दिसला की न विचारता सगळं करून दाखवते : पाय वर, सोंड वर, मग बसते, मग दुसरा पाय. एखाद्या पोराने मास्तर दिसले की घाबरून सगळे पाढे म्हणून टाकावेत तसं. त्यातल्या पाय उचलण्याला खाऊ दिला असता तर खिडकीतून पाय पाच मिनिटांत मिळाला असता. मीच दोनदा म्हणालो, देऊन टाका की, पोझ आहेच तयार. मॅडम म्हणाल्या, तो पाय ती देत नाहीये, मार टाळतेय. अशा पायात दुखरी जागा कापायला घेतली तर ती एकतर गप्प सोसेल किंवा एक दिवस भिंतीवर येईल.

खाऊ नाही मिळाला की ती डुलायला लागते. बघायला आलेले म्हणतात किती छान नाचतेय. डुलणं म्हणजे नाच नाही, कोंडलेल्या जनावराची खोड आहे ती. दिवसाला किती मिनिटं डुलली ते वहीत मांडलं : २० तारखेला ९० मिनिटांच्या बैठकीत ३४ मिनिटं, ३० ला ११.

खाऊचं : आधी गूळ दिला. मॅडमनी बंद केला. उसाच्या कांड्यांनी माश्या आल्या, जखमेवर बसायला लागल्या. शेवटी गाजर, काकडी, केळं सालासकट. दिवसाचा चारा दीडशे किलोच्या आसपास. खाऊ त्यातच मोजायचा, वर नाही.

२८ डिसेंबर, संध्याकाळ

वेगळी नोंद, कामाची नाही तरी लिहितो.

शेकोटीला चाचा बोलते झाले. त्यांच्या सर्कशीत वाघ होते. वाघीण पिंजऱ्यात सहज व्यायची, साडेतीन महिने पोटात, दोन-तीन बच्चे. बच्चे लवकर काढून घ्यायचे, बाटलीवर वाढवायचे, माणसाच्या हाताची सवय व्हावी म्हणून. वर्ष-सव्वा वर्षाचं झालं की सीट शिकवायची : लांब काठीच्या टोकाला मांसाचा तुकडा, काठी स्टुलावर न्यायची, बच्चा मागोमाग चढतो. मी म्हटलं, चाचा, म्हणजे आमची पीव्हीसीची नळी तुमचीच की. ते हसले. “काठी तीच. पण दुसऱ्या हातात चाबूक असायचा.” त्यांच्या लहानपणी सर्कशीत दामू धोत्र्यांचं नाव घेतलं की रिंगमास्टर कान पकडायचे. पुण्याचा माणूस, १९४० साली अमेरिकेतल्या रिंगलिंग ब्रदर्समध्ये गेला आणि वाघ, सिंह, बिबटे एका पिंजऱ्यात खेळवले.

हत्ती मात्र सर्कशीत जन्माला घालत नसत. हिशेबच बसत नाही : हत्तीण २० ते २२ महिने गाभण, मग पिल्लू दोन-तीन वर्षं अंगावर, तेवढा वेळ ती रिंगणात नाही आणि चारा तेवढाच. त्यापेक्षा बिहारमधल्या सोनपूरच्या जत्रेतून घेतलेली पोरगी स्वस्त. आक्का अशीच कुठून तरी आलेली. कुठल्या जंगलातली हे कागदावर नाही.

आणि शिकवणं? डोक्यावर उभं करायचं तर मागच्या पायांना दोर, वर कप्पी, चार माणसं ओढणार, एक माणूस अंकुश धरणार. चाचा म्हणाले, “मी दोर ओढणाऱ्यात होतो.” मग बराच वेळ काही बोलले नाहीत. शेकोटीत लाकडं सारत बसले.

१४ ऑक्टोबर १९९८ च्या केंद्राच्या अधिसूचनेत वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल आणि माकड यांचे खेळ बंद झाले, १ मे २००१ ला सुप्रीम कोर्टाने ते कायम केलं. चाचांच्या सर्कशीचे वाघ वन खात्याच्या गाडीतून गेले. बचाव केंद्रांत नर-मादी वेगळे ठेवले, नसबंदी केली, म्हणजे ती पिढी तिथेच संपावी. हत्ती त्या यादीत नव्हता. म्हणून वाघ गेल्यावरही आक्का पुढे वर्षानुवर्षं स्टुलावर बसत राहिली.

३ जानेवारी २०२५

अपघात. चूक पूर्ण आमची.

आक्का आता खिडकीजवळ येते, झाकणाला कपाळ लावते, चार पायांवर शांत उभी राहते. सगळे खुशीत. आमच्या पोऱ्याने केळं द्यायला खांदाभर हात फटीतून आत घातला. तिने केळ्याबरोबर मनगट धरलं. ओढलं नाही, नुसतं धरलं, पण सोंडेचं नुसतं धरणं म्हणजे काय ते कळलं. पोरगा घाबरून मागे झटकला, हात खांबावर आदळला. मनगटाचं हाड चिरलं. प्लास्टर तीन आठवडे, दवाखान्याचे ७,४०० मी दिले.

चाचा आत धावले, हातात अंकुश. मॅडम मधे आल्या. त्यांचं जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.

नऊ दिवस काम बंद.

१२ जानेवारी

केळ-नळी. सहा इंची पीव्हीसी पाईप साडेतीन फूट, भिंतीला तिरका, वरच्या तोंडात खाऊ टाकायचा, आक्काच्या बाजूला घरंगळतो. ६४० रुपये. हा पाईप पहिल्या दिवशी लावला असता तर पोराचं हाड वाचलं असतं. आता नियम : हाताचा कोपर खांबाच्या रेषेपलीकडे जाणार नाही. जमिनीवर पिवळा पट्टा मारला. पहिल्याच दिवशी तो मीच ओलांडला, मॅडमनी ५० रुपये दंड घेतला. डबा ठेवलाय. आजवर ४५० जमले, त्यातले ३०० माझे.

१८ जानेवारी

आज पाय शिकवायला सुरुवात. झाकण पायाच्या पुढच्या बाजूला नेलं, पाय त्याला टेकला की टक्. एका सकाळी जमलं. मग खिडकीतल्या टेकण-बारवर पाय ठेवायचा. बार मी २६ इंचावर लावला होता, डॉक्टरांना वाकावं लागू नये म्हणून.

ठेवेना. पाय उचलते, अर्ध्यावर आणते, खाली घेते. आम्ही समजलो विसरली. मॅडमनी तीन दिवस व्हिडिओ बघितले. ढोपराचा सांधा तेवढा वरच जात नाही, आखडलाय. उंची तिच्या सांध्याची घ्यायची, आमच्या कमरेची नाही. बार कापून १६ इंचावर आणला. पलीकडे दोन फूट खोल खड्डा केला, त्यात डॉक्टर स्टूल टाकून बसतात. कापाकापी आणि खड्डा मिळून २,६०० रुपये आणि पाच दिवस.

२५ जानेवारी

बार गोल पाईपचा. पायाचा सगळा भार एका रेषेवर येतो, आठ-दहा सेकंदांत काढून घेते. लाकडी फळी लावली, दोन दिवसांत तडकली. खडी क्रशरचा जुना रबरी पट्टा दुहेरी ताणून झोळीसारखा बसवला, १,२०० रुपये. पहिल्याच दिवशी ४० सेकंद.

२ फेब्रुवारी

चाचा आणि अंकुश. अपघातानंतर ते अंकुश काखेत मारूनच उभे राहायचे. वापरायचे नाहीत. पण आक्काची नजर झाकणाकडे नसायची, त्यांच्या काखेकडे असायची. मॅडमनी सांगितलं, मी सांगितलं. ते म्हणायचे, “हातात नसला की उघडं उघडं वाटतं ओ.” त्यात खोटं काही नाही. ज्याने दोन माहूत मेलेले बघितलेत त्याला आपण शहाणपण शिकवायला जाऊ नये.

आज ते स्वतःच रिकाम्या हाताने आले. अंकुश खोलीत खुंटीला. का, ते सांगितलं नाही. आक्काने त्यांची दोन्ही काख सोंडेने हुंगली, मग हात, मग खिसे. तंबाखूची डबी काढून खाली टाकली. मग पाय झोळीत ठेवला. मिनिट आणि दहा सेकंद.

यानंतर शिकवणी चाचांकडेच दिली. मॅडमची टक् नेमकी असते, पण तिच्या कानाचा कल, डोळ्याच्या कडेची हालचाल चाचांना आधी कळते. पाय काढायच्या आधी ती सोंडेचं टोक एकदा वळवते. हे आम्हाला कुणालाच दिसलं नव्हतं. आता टोक वळलं की आम्ही आधीच “बास” म्हणतो आणि मागे होतो.

११ फेब्रुवारी

पाणी. गरम पाण्यात एप्सम मीठ घालून पाय बुडवायचा. प्लास्टिकचा टब तिने एका पायात चिरडला, तिला टब म्हणजे वर चढून बसायची वस्तू. दुसराही तसाच. मग ट्रकच्या टायरमधून कापलेली घमेली आणली, गुरांच्या पाण्यासाठी मिळतात ती. दबतात, मोडत नाहीत आणि चढण्यासारखी दिसत नाहीत. दोन घमेली पाचशेला. १९ तारखेपर्यंत बारा मिनिटं.

२ मार्च

माझी सगळ्यात महाग चूक. मागच्या शेडच्या दरवाज्याचं काम उरलं होतं. शेकणं चालू असताना मी तीस मीटरवर ग्राइंडर चालू केला. ठिणग्या, आवाज, आणि त्याच वेळी मॅडमचा ब्रश चिरेत. आक्का पाय ओढून मागे गेली, खिडकीची कडा खरचटली. दुसऱ्या दिवशी भिंतीजवळ आलीच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

तेरा दिवस मागे गेलो. पुन्हा चार पाय जमिनीवर, पुन्हा झाकण. ग्राइंडरचं काम आता ती रानात चालायला गेली की करतो, सकाळी सात ते नऊ.

१५ ते ३० मार्च

परत वेग आला. शेकणं, आयोडीनच्या पातळ पाण्याने धुणं, मग कानस. कानस मारायला मिरजेचे नालबंद आले, घोडे-बैलांना नाल मारणारे. पहिल्या दिवशी कानस नुसती नखाला टेकवली. दुसऱ्या दिवशी एकदा घासली. असं करत सहाव्या दिवशी पूर्ण नख. नालबंद म्हणाले, बैलाला पाडून बांधावं लागतं, ही बघा कशी उभी आहे. त्यांनी रोजचे ६०० घेतले, शेवटचा दिवस घेतला नाही.

२६ तारखेला मॅडमनी चिरेच्या तोंडावरची मेलेली कातडी काढली, साठलेलं बाहेर आलं. आक्काने त्या दरम्यान दोनदा पाय काढून घेतला, दोन्ही वेळा स्वतःच परत ठेवला.

५ एप्रिल

हिशेब. वाघाचे पॅनेल टेम्पोसकट १५,८००, पाईप ४१,३००, पाया १८,५००, मजुरी २२,०००, वाळू १५,०००, बार बदलणं २,६००, पट्टा १,२००, केळ-नळी ६४०, घमेली ५००, नालबंद ३,०००. एक लाख वीस हजार पाचशे चाळीस. दवाखाना आणि माझं येणं-जाणं वेगळं. वाकलेले पॅनेल भंगारात ९,२०० ला परत गेले. महिन्याभराचं सांगितलेलं काम पाचव्या महिन्यात आलंय.

हिशेबाच्या वहीत न बसणारी एक गोष्ट : चाराकटरचा, म्हणजे हत्तीचा चारा आणणाऱ्या-घालणाऱ्या माणसाचा पगार. तो केंद्र देतं, पण अशी भिंत बांधून देणाऱ्या देणगीदारांना मी सांगेन, भिंतीचे पैसे एकदाच लागतात. रोज सकाळी तिथे उभं राहणारं माणूस वर्षभर लागतं.

१४ एप्रिल

आज पाय दिला नाही. खिडकीशी आली, झाकणाला कपाळ लावलं, चाचांनी “पाय” म्हटलं, ती बघत राहिली. एकदा सांगितलं की पुन्हा सांगायचं नाही, असं ठरलेलं. चार पायांवर शांत उभी, कान हलताहेत, डुलणं नाही. सलामी नाही, बसणं नाही. थोड्या वेळाने वाळूकडे गेली आणि अंगावर वाळू उडवत बसली.

मी विचारलं, बिघडलं काय? चाचा म्हणाले, “काही बिघडलं नाही. एकोणीस वर्षांत मला पहिल्यांदा नाही म्हणाली.” गरम पाणी आम्ही ओतून दिलं. गाजरं उद्यासाठी.

१५ एप्रिल

दिला. चौदा मिनिटं.

२२ एप्रिल

मागच्या पायांची खिडकी. तिला पाठमोरं उभं राहून पाय मागे द्यायचाय, म्हणजे माणूस तिला दिसणार नाही. ते वेगळंच प्रकरण. बारची उंची या वेळी आधी व्हिडिओ काढून ठरवली, १३ इंच. पाईप आले, ७३ रुपयांनी. पावसाआधी भिंतीच्या अलीकडे उतार देऊन नाली काढायची आहे, नाहीतर जूनमध्ये सगळं केलेलं चिखलात उभं राहील. सोंडेतल्या पाण्याचा नमुना क्षयाच्या तपासणीसाठी आठवडाभरात तीनदा घ्यायचा असतो, त्यासाठी सोंड पाईपात धरून ठेवायला शिकवणं मॅडमनी कालपासून सुरू केलंय. तिथे कुठलाही आवाज वापरायच्या आधी चाचांना विचारतो.